पक्षाघात: इंजेक्शनच्या आधी आणि नंतर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पक्षाघाताविषयी छापून येणाऱ्या मजकुरात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि ते देण्याची साडेचार तासांची मुदत या दोन गोष्टी आता हमखास असतात. असाव्यातच. पण त्यातून वाचकाचा समज असा होतो की इंजेक्शन मिळाले तर रुग्ण सुटला, हुकले तर सगळे संपले. प्रत्यक्षात इंजेक्शन वेळेवर मिळालेला रुग्ण चौथ्या दिवशी न्यूमोनियाने खालावतो आणि मुदत टळून गेल्यावर आलेला रुग्ण काठी टेकत का होईना, चालत घरी जातो, असे दोन्ही घडते. यातला बराच फरक खाटेशेजारी पडतो: पाणी केव्हा पाजले, कूस कधी बदलली, ताप कोणी मोजला. या कामाबद्दल फारसे छापले जात नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर गिळण्याबद्दलचा भाग तेवढा कापू नये ही विनंती.

शुश्रूषेचा परिणाम मोजता येतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातल्या १९ पक्षाघात कक्षांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्या कक्षांत परिचारिकांनी तीन गोष्टी वेळापत्रक लावून केल्या: ताप मोजून लगेच उतरवणे, रक्तातली साखर मोजून आवरणे आणि तोंडाने काही देण्याआधी गिळणे तपासणे. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. ९० दिवसांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या पद्धतीच्या कक्षांत ५८ टक्के रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. या तीन गोष्टी पाळलेल्या कक्षांत ४२ टक्के. एवढा फरक पाडणारे औषध निघाले असते तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता!

सुरुवात घरापासून करू. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे आणि बोबडे बोलणे ही लक्षणे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. त्यांत दोन जोडावीत: एकाएकी तोल जाणे आणि एकाएकी दिसेनासे होणे किंवा एकाचे दोन दिसणे. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात हातपाय लुळे न करता नुसती चक्कर, उलटी आणि तोल जाणे घेऊन येतो आणि ‘पित्त झाले असेल’ म्हणून दिवसभर घरातच पडून राहतो. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरी तीच घाई करावी. अशा क्षणिक झटक्यानंतर मोठा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, आणि तेवढ्यात योग्य औषधे सुरू झाली तर तो बराच टळतो.

घड्याळ पाहायचे ते नेमके कशासाठी, हेही कळायला हवे. रुग्ण केव्हा सापडला ही वेळ उपयोगाची नाही. शेवटचा धडधाकट केव्हा पाहिला ती वेळ डॉक्टरांना लागते. सकाळी सहाला जाग आली आणि हात हलेना, तर घड्याळ सहापासून सुरू होत नाही. रात्री अकराला झोपताना ठीक होता, तर अकरापासूनच. मात्र पहाटे तीनला तो लघवीला उठला होता, नीट चालत गेला होता, बोलला होता, हे घरातल्या कोणी सांगितले तर मुदत संपलेला रुग्ण मुदतीत येऊ शकतो. म्हणून ज्याने शेवटचे पाहिले त्याला रुग्णालयात सोबत न्यावे, निदान त्याचा फोन लागेल असे पाहावे. साडेचार तास उलटले म्हणून घरी थांबणेही चूक. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तार घालून बाहेर काढण्याचा उपचार सहा तासांपर्यंत, आणि स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी ते दाखवून दिले आहे.

नेताना तोंडात काहीही घालू नये. पाणी नाही आणि गोळीही नाही. अ‍ॅस्पिरिन हृदयविकाराच्या झटक्यात द्यायचे म्हणून इथेही दिले जाते. पण मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घातकच. त्याहून वाईट म्हणजे यंत्रावर १९०-२०० आकडा पाहून घाबरून जिभेखाली ठेवलेली रक्तदाबाची गोळी. गुठळीपलीकडच्या भागाला आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडेफार रक्त पोहोचत असते आणि ते वाढलेल्या दाबाच्या जोरावरच पोहोचते. दाब एकदम पाडला की तेही थांबते. रुग्णालयातही इंजेक्शन द्यायचे नसेल आणि हृदय-मूत्रपिंडाची दुसरी अडचण नसेल तर २२०/१२० पर्यंतचा दाब पहिल्या दिवशी बहुधा तसाच राहू देतात. इंजेक्शन द्यायचे असेल तर तो १८५/११० च्या खाली आणतात, पण शिरेतून, थोडा थोडा, मोजत मोजत. रक्तस्राव असला तर हिशेब निराळा. तिथे वरचा आकडा १४० च्या आसपास आणायचा असतो. हे घरी बसून ठरत नाही.

ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजून आकडा लिहून घ्यावा, कारण साखर फार उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते. उलटी होत असेल तर एका कुशीवर, डोके थोडे उंच. औषधांच्या पट्ट्या जशा आहेत तशा पिशवीत टाकाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची केव्हा घेतली ते विचारले जाईलच. आणि जायचे ते थेट, रात्रीही सीटी स्कॅन होते अशा ठिकाणी, आधी फोन करून. वाटेत ओळखीच्या दवाखान्यात ‘एकदा दाखवून’ जाण्यात तासभर सहज जातो.

इंजेक्शनच्या तासाभरात परिचारिकेच्या हातून काय बिघडू शकते, तेही सांगायला हवे. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाचा डोस वजनावर असतो: दर किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५४, त्यातले ५.४ एका मिनिटात, उरलेले ४८.६ तासाभरात पंपाने. वजन अंदाजाने लिहिले तर पुढचे सगळे गणित अंदाजाचे. दुसरी चूक कमी दिसते: बाटली रिकामी झाली की पंप थांबवतात, पण औषधाचा शेवटचा भाग नळीतच राहिलेला असतो. त्याच वेगाने सलाइन सोडून तो आत घालवावा लागतो. त्याऐवजी टेनेक्टेप्लेज हे औषध वापरले तर किलोला ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५, एकाच झटक्यात; तिथे ही नळीची भानगड उरत नाही. त्यानंतर रक्तदाबाची आणि शुद्ध, बोलणे, हातपाय यांची तपासणी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पुरे होईपर्यंत दर तासाला; दाब १८०/१०५ च्या आत. अचानक डोके दुखणे, उलटी, दाब उसळणे, गुंगी येणे किंवा सुधारलेला हात पुन्हा पडणे, यांतले काहीही दिसले तर आधी औषध बंद करायचे आणि मग डॉक्टरांना फोन करायचा. हा क्रम उलटा करू नये. ओठ किंवा जीभ सुजते आहे का हेही पाहत राहावे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातली गोळी चालू असलेल्यांत ही सूज जास्त दिसते आणि ती श्वास अडवू शकते. लघवीची किंवा नाकातली नळी अगदी गरज असेल तर इंजेक्शनच्या आधी घालावी, नाही तर थांबावे. स्नायूत सुई टोचणे टाळावे. अ‍ॅस्पिरिन २४ तासांनंतर, दुसरा स्कॅन पाहूनच.

आता गिळणे. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांचे गिळणे बिघडलेले असते आणि ते वरून दिसत नाही. रुग्ण शुद्धीवर असतो, पाणी मागतो, नातेवाइकांचा जीव कळवळतो, कोणीतरी आडव्या माणसाच्या तोंडात दोन घोट ओततो. ते पाणी, त्याबरोबर तोंडातले जंतू, श्वासनळीत जातात. दोन-तीन दिवसांनी ताप येतो.

चाचणी साधी आहे, पण ती शिकलेल्या माणसाने आणि नेमकी करावी. रुग्ण पूर्ण जागा हवा; हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा झोपणारा रुग्ण चाचणीला लायक नाही. त्याला ९० अंशांत बसवायचे, लुळ्या बाजूला उशीचा टेकू द्यायचा. तोंड पुसून स्वच्छ करायचे. खोकायला सांगायचे, ‘आ’ म्हणायला लावायचे आणि तो आवाज लक्षात ठेवायचा. मग चमचाभर, म्हणजे ५ मिली, साधे पाणी. घशाच्या घाटीवर दोन बोटे हलकेच ठेवली की गिळताना ती वर उचललेली कळते. असे तीन चमचे, प्रत्येकानंतर थांबून. तिन्ही नीट गेले तर ५० ते ९० मिली पाणी पेल्याने, न घाईने. ठसका, ओठाच्या कोपऱ्यातून गळणे, गिळायला वेळ लागणे, धाप लागणे किंवा नंतर ‘आ’ म्हणताना आवाज ओला, घरघरता येणे, यांतले एक जरी दिसले तरी तिथेच थांबायचे आणि तोंडाने काही द्यायचे नाही, गोळ्यासुद्धा. पुढचे वाचा-गिळणे तज्ज्ञाने तपासावे. पाणीच का, असे विचारले जाते. पातळ असल्याने ते सगळ्यात वेगाने घसरते, म्हणून दोष लवकर पकडला जातो. आणि चुकून फुप्फुसात गेलेच तर थोड्याशा साध्या पाण्याने होणारे नुकसान दुसऱ्या कशापेक्षाही कमी असते.

घशाला स्पॅच्युला लावून ओकारी येते का हे पाहणे म्हणजे गिळण्याची चाचणी नव्हे. ओकारी येणारा रुग्णही गिळताना चुकतो आणि ओकारी न येणारा नीट गिळू शकतो. तरी केस पेपरवर अजून तेवढेच लिहिलेले आढळते. आणि चाचणी पार पडली म्हणून निर्धास्त होऊ नये: काही रुग्णांत घशाची जाणीवच गेलेली असते, त्यांना ठसका लागतच नाही. जेवणानंतर आवाज ओला होणे, श्वास वाढणे, संध्याकाळी बारीक ताप येणे या त्यांच्या खुणा.

भरवायला परवानगी मिळाली की बसवूनच भरवावे, मान मागे टाकून कधीही नाही. चोचीच्या कपाने पाजू नये, कारण तो उलटताना मान आपोआप मागे जाते. अर्धा चमचा, चांगल्या बाजूने, आणि घाटी हललेली दिसेपर्यंत पुढचा घास नाही. पातळ पदार्थात घट्ट तुकडे असा मिश्र घास सगळ्यात अवघड. द्रव पुढे निघून जातो आणि तुकडा चघळायचा राहतो. लुळ्या गालात अन्न साठते आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो, म्हणून शेवटी बोट किंवा ओला बोळा फिरवून गाल तपासावा. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. खोलीतला टीव्ही जेवणापुरता बंद ठेवावा, रुग्णाशी गप्पाही मारू नयेत. बोलता बोलता गिळणे आपल्याला जमते, त्याला जमत नाही.

तोंडाने काहीच घेत नाही म्हणजे तोंड स्वच्छच आहे, हा समज तर फारच महागात पडतो. नळीने अन्न घेणाऱ्याचे तोंड लवकर घाण होते, कारण चावणे आणि लाळ फिरणे बंद असते. मऊ ब्रशने दिवसातून निदान दोनदा दात, जीभ आणि गालाची आतली बाजू घासावी, रुग्णाला कुशीवर ठेवून, पाणी अगदी कमी वापरून. कवळी रात्री काढून ठेवावी.

नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबबद्दल एकच आग्रह: प्रत्येक वेळी अन्न सोडण्याआधी ती जागेवर आहे का हे पाहावे. नाकपुडीशी नळीवर खूण केलेली असावी आणि ती सरकलेली नसावी. पोटातले पाणी ओढून आम्लता दाखवणाऱ्या पीएच कागदावर आकडा ५.५ किंवा कमी आला तर नळी पोटात आहे असे धरता येते. शंका असेल तर एक्स-रे. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे किंवा नळीचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे, या दोन्ही पद्धती दगा देतात. अन्न जाताना आणि नंतर अर्धा-एक तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. सिरिंजचा दट्ट्या दाबून अन्न ढकलू नये, ते आपल्या वजनाने उतरू द्यावे. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. गोळ्या एकेक वेगळी कुटून द्याव्यात, अन्नात कालवून नव्हे. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आतड्यात फुटण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटूच नयेत. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यावा. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूलही फोडून देऊ नये, तसे केल्यास औषध फार जास्त शोषले जाते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ताप आणि साखर या दोन गोष्टींत कौशल्य कमी, शिस्त जास्त. पहिले तीन दिवस दर चार तासांनी ताप, ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल द्यायचे आणि छाती, लघवी, सलाइनची जागा यांत कारण शोधायचे. ‘शंभरच्या आत आहे, राहू द्या’ हे इतर आजारांत चालेल, दुखावलेल्या मेंदूला चालत नाही. साखर १४० ते १८० च्या दरम्यान राहावी. मधुमेह नसलेल्यांचीही पहिल्या दिवसांत वाढते, तेव्हा त्यांचीही मोजावी. ऑक्सिजन मात्र ९४ टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय लावण्याचे कारण नाही. नाकात नळी असली म्हणजे उपचार चालू आहेत असे नातेवाइकांना वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

सगळ्यात जास्त इजा होते ती खांद्याला, आणि तीही मदत करणाऱ्यांकडून. खांद्याचा गोळा उथळ खोबणीत भोवतालच्या स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. ते लुळे पडले की हाताच्या नुसत्या वजनाने गोळा खाली उतरतो. खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी खाच लागते. अशा हाताला धरून ओढले, काखेत हात घालून उचलले की आवरण ताणले जाते आणि महिनोन्महिने टिकणारे दुखणे मागे लागते. त्या दुखण्यामुळे व्यायाम थांबतो, व्यायाम थांबल्याने हात आखडतो. उठवायचे ते कमरेला रुंद पट्टा बांधून किंवा खांद्याच्या पाठीमागच्या फऱ्याला आधार देऊन. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवावी, म्हणजे रुग्ण चांगल्या पायावर वजन घेऊन वळतो. बसल्यावर लुळा हात कोपरापासून बोटांपर्यंत उशीवर किंवा टेबलावर, लोंबता कधीही नाही. सलाइन आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो चांगल्या हातालाच.

कूस दर दोन तासांनी बदलावी आणि वेळ लिहून ठेवावी. न लिहिलेली कूस बहुधा बदललेली नसते. सरळ ९० अंशांच्या कुशीपेक्षा पाठीमागे उशी देऊन ३० अंशांची तिरपी कूस बरी, नाही तर सगळा भार मांडीच्या बाहेरच्या हाडावर येतो. लुळ्या बाजूवरही झोपवता येते, मात्र तो खांदा पुढे काढून ठेवावा आणि वेळ थोडा कमी. सरकवताना दोघांनी चादरीने उचलावे, फरफटवू नये. माकडहाड, टाचा, घोटे रोज पाहावेत: लाल भाग बोटाने दाबल्यावर पांढरा झाला तर वेळ गेलेली नाही, दाबूनही लालच राहिला तर शय्याव्रण सुरू झाले. तिथे चोळू नये, खालच्या दुखावलेल्या पेशी आणखी फाटतात. भोकाच्या गोल उशीनेही भोवतालचा रक्तपुरवठा दाबला जातो. टाचांसाठी पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवणे पुरते.

पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मांडीपर्यंतचे घट्ट मोजे अजून विकत आणायला सांगितले जातात. २००९ च्या मोठ्या चाचणीत पक्षाघाताच्या रुग्णांना त्यांचा फायदा दिसला नाही, उलट कातडीला जखमा झाल्या. हवेने फुगणारे-उतरणारे पट्टे मात्र उपयोगी ठरले, ते २०१३ मध्ये. चालते करण्याच्या घाईचेही तसेच. लवकर उठवावे हे खरे, पण पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उभे करण्याचा प्रयोग २०१५ च्या ‘अव्हर्ट’ चाचणीत अंगाशी आला. त्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती कमी चांगली होती. दुसऱ्या दिवसापासून, थोडे थोडे, दिवसातून अनेकदा.

लघवीची नळी सोयीची म्हणून राहते आणि जंतुसंसर्ग घेऊन येते. ती का ठेवली आहे हा प्रश्न रोज सकाळी विचारला तर बहुतेक वेळा ती काढता येते. मग दर दोन-तीन तासांनी, मागण्याची वाट न पाहता, भांडे द्यावे.

बोलणे गेलेल्या रुग्णाशी लोक मोठ्याने बोलतात. त्याला ऐकू येत असते. एका वेळी एकच छोटा प्रश्न, ज्याचे उत्तर मान हलवून देता येईल असा. मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. मात्र ‘हो’ आणि ‘नाही’ची गल्लत होते का, हे आधी पडताळून घ्यावे: ‘तुम्ही आत्ता उभे आहात का?’ असा उत्तर उघड असलेला प्रश्न विचारावा. उजव्या मेंदूच्या पक्षाघातात निराळेच घडते. रुग्ण फडाफडा बोलतो, पण डावी बाजू त्याच्या लेखी नसतेच. ताटाची डावी अर्धी बाजू तशीच राहते आणि लुळा पाय विसरून तो उठायला जातो. सगळ्यात जास्त पडतात ते हेच रुग्ण. आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते. व्यायामाला ‘आळस करतो’ असे वाटते तेव्हा त्याचा विचार आधी व्हावा. त्यावर औषध आहे.

घरी गेल्यावर आणि मुळात ज्यांना पक्षाघात झालेला नाही त्यांच्यासाठीही, बहुतेक सारे रक्तदाबाशी येऊन थांबते. ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात दहा बदलता येण्याजोग्या कारणांकडे पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के भार जात होता आणि त्यातही वाढलेल्या रक्तदाबाकडे एकट्याकडे जवळपास निम्मा. वरचा दाब १० ने उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे चतुर्थांशाने उतरतो. मोजणे मात्र सर्रास चुकीचे होते. आधीचा अर्धा तास तंबाखू, चहा-कॉफी, व्यायाम नको. लघवी करून यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. तो खाली लोंबत असला तर दर १० सेंटिमीटरला ७-८ आकडे जास्त दिसतात. पट्ट्यातल्या फुग्याने दंडाचा ८० टक्के घेर वेढलेला असावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की दाब खोटा वाढतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर दाब वाढलेला आहे. पहिल्या वेळी दोन्ही हातांत मोजून ज्यात जास्त येतो तो हात पुढे कायम धरावा. पक्षाघातानंतर मात्र चांगला हात.

दाब ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी बंद करणे, हे पक्षाघात कक्षात वारंवार ऐकू येणारे कारण. तो गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पदार्थांतले आधीपासूनचे मीठही धरायचे. पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने चीनमधल्या ६०० गावांत पक्षाघात सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, बैठे जीवन यांबद्दल आपल्या दैनिकात वारंवार येते, ते पुन्हा लिहीत नाही.

नाडीबद्दल मात्र लिहायला हवे. हृदयाचा ठेका पूर्ण अनियमित होणाऱ्या विकारात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि रुग्णाला अनेकदा काहीच जाणवत नाही. मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी पाहावी, पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये; ठेका कुठेच जुळत नसेल तर ईसीजी. अशा माणसाचा रक्तदाबही यंत्रावर दर वेळी वेगळा येतो, तेव्हा तीन वेळा मोजावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हा धोका दोन तृतीयांशाच्या आसपास उतरतो. अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्यांना वॉर्फरिनच द्यावे लागते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ च्या दरम्यान ठेवून, आणि कुठलेही नवे औषध, प्रतिजैविकसुद्धा, सुरू झाले की तो आठवड्याच्या आत पुन्हा तपासावा. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्यांचा असर दिवसाभरात ओसरतो. दोन डोस चुकले की संरक्षण संपले. त्यांतल्या रिव्हारॉक्सॅबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी, रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. दात काढायचा असो की डोळ्याचे ऑपरेशन, गोळी थांबवायची का, किती दिवस आणि पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, हे लिहून दिलेला कागद हातात असल्याशिवाय ती थांबवू नये.

कळावे.

आपल्या,
पक्षाघात कक्षात काम करणाऱ्या काही परिचारिका